बाकीचे पाच दिवस

आमच्या शाळेत दर मंगळवारी एक विशेष शिक्षिका येत असत. खांद्याला मोठी कापडी पिशवी. पिशवीत चित्रांचे तक्ते, लाकडी ठोकळे, मणी आणि खरखरीत कागदातून कापलेली अक्षरे. त्या आल्या की मी वर्गाच्या दारातून आवाज द्यायचो, "मॅडम, तुमचा मुलगा पाठवतोय." सहावीच्या शेवटच्या बाकावरचा तो मुलगा दप्तर उचलून व्हरांड्यात जायचा आणि तासाभराने परत यायचा. हे बरेच महिने चालले होते. त्यात काही चुकते आहे असे मला एकदाही वाटले नाही.

एका मंगळवारी त्या निघता निघता दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, मंगळवारी एक तास तो माझा, मान्य. बाकीचे पाच दिवस कुणाचा?"

त्या हसत म्हणाल्या होत्या, म्हणून मीही हसलो. त्या रात्री मला झोप लागली नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. झोप लागली. पण प्रश्न गेला नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. गाव यंत्रमागाचे आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, कोणतेही समजा. शाळेच्या भिंतीपलीकडेच कारखाना असल्याने आमच्या वर्गातली शांतता कधी पूर्ण नसते. मागांची खटखट थांबली की मुले उलट दचकतात आणि वीज गेली असे सांगतात. बहुतेक मुलांचे वडील मागावर आहेत, एक आठवडा दिवसपाळी आणि एक आठवडा रातपाळी. घरी बाया-मुले कांडी भरतात.

तो मुलगा याच घरांपैकी एका घरातला. त्याचे नाव लिहीत नाही. घरी त्याला 'भोला' म्हणत, वर्गात 'पागल' म्हणत. मी काहीच म्हणत नसे, आणि याला मी माझा चांगुलपणा समजत होतो. मी त्याला कधी मारले नाही. कधी उभे करून प्रश्न विचारला नाही, कारण उत्तर येणार नाही हे ठाऊक होते आणि चारचौघांत मुलाची फजिती कशाला करायची? खडू आणायचा असेल, कार्यालयात हजेरीपट पोचवायचा असेल, माठ भरायचा असेल तर मी त्याला पाठवी. आमची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. शिपाई सुट्टीवर असला की ती वाजवण्याचे कामही त्याचेच. तो धावत जायचा. परीक्षेत मी त्याला पस्तीस गुण द्यायचो.

त्याची उत्तरपत्रिका मी जपून ठेवली आहे. अक्षर अत्यंत देखणे. पण उत्तराच्या जागी त्याने प्रश्नच पुन्हा लिहून काढलेले आहेत, ओळीने सगळे, अगदी 'खालीलपैकी कोणतेही तीन' या सूचनेसकट. फळ्यावरचे किंवा पुस्तकातले तो चित्र काढावे तसे उतरवत असे. त्यातला एक शब्दही त्याला वाचता येत नव्हता. मी त्या पत्रिकेवर 'सुवाच्य अक्षर' असा शेरा मारून गुण दिले होते.

हे मी केले ते दुष्टपणाने केले नाही. दयेने केले. मॅडमच्या प्रश्नानंतर मला जे अवघड वाटू लागले ते हेच. दुष्टपणा असता तर कुणीतरी तक्रार केली असती. दयेची तक्रार कोण करणार? त्याची आईसुद्धा मला दुआ देऊन जायची.

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत कुणाला नापास करू नये असे त्यात म्हटले होते. त्याचा अर्थ मूल वर्षभर काय शिकते ते सतत पाहा आणि जिथे अडते तिथे हात द्या असा होता. आम्ही बहुतेकांनी त्यातला 'नापास करू नये' एवढाच भाग घेतला. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन मुलाला थांबवण्याची मुभा राज्यांना मिळाली, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत 'आता बरे होईल' असे म्हणणारे बरेच निघाले. मला तेव्हाही प्रश्न पडला नाही की ज्याला आपण शिकवलेच नाही त्याला थांबवून काय होणार? तो त्याच इयत्तेत आणखी एक वर्ष माठ भरील.

बी. एड.ला विशेष गरजा असलेल्या मुलांवर अभ्यास होता. मी तो केला होता, त्यात चांगले गुणही मिळवले होते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस झाले, आणि वाचन-लेखनातली विशिष्ट अक्षमता या यादीत तेव्हाच आली, हे मी आजही झोपेत सांगू शकतो. पण शेवटच्या बाकावरचा मुलगा त्या यादीत बसत असेल असे मला सुचले नाही. ते मॅडमनी पहिल्या महिन्यातच ओळखले.

विशेष शिक्षकाचे काम नेमके काय, याची आमच्याकडे भलतीच कल्पना आहे. थोडा दोष सिनेमाचाही असावा. २००७ साली 'तारे ज़मीन पर' आला आणि पालकांना, शिक्षकांनाही, वाटू लागले की असा एक प्रेमळ माणूस येतो आणि मूल बदलून देतो. बाकीच्यांनी फक्त टाळ्या वाजवायच्या. प्रत्यक्षात मॅडमच्या पिशवीत खेळण्यांपेक्षा कागद जास्त असत. मूल ओळखायचे, तपासणीसाठी शिबिराला पोचवायचे, प्रमाणपत्रासाठी आईबरोबर सरकारी रुग्णालयाच्या रांगेत थांबायचे. प्रत्येक मुलाचा स्वतंत्र आराखडा लिहायचा, त्यात या तीन महिन्यांत त्याला नेमके काय आले पाहिजे ते मांडायचे आणि आले नाही तर आराखडा बदलायचा, मुलाला बोल लावायचा नाही. कुणाला श्रवणयंत्र, कुणाला चाकाची खुर्ची, कुणाला परीक्षेत लेखनिक. आणि सगळ्यात महत्त्वाचे, ज्याच्यासाठी आम्ही त्यांना कधी वेळच दिला नव्हता, वर्गशिक्षकाला त्याच्या वर्गात काय बदल करायचा ते सांगायचे. हे काम करायला वेगळे प्रशिक्षण लागते. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी लागते. म्हणजे डॉक्टरसारखीच ती एक विद्या आहे. आम्ही मात्र त्यांना मुले सांभाळणाऱ्या बाई समजत होतो.

मॅडमकडे अशा अठरा शाळा होत्या. विशेष शिक्षक किती असावेत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ मध्ये निकाल झाला आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्रमाण ठरवले: प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक शिक्षक, पुढच्या वर्गांना पंधरामागे एक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावे लागले की पदे जाहीर करा, भरती करा. अठरा शाळांचा भागाकार आठवड्यात करून पाहिला की आमच्या वाट्याला मंगळवारचा तासच येतो. तोही त्या कधी चुकवत नसत.

आता एक गोष्ट अशी आहे की ती आमच्याच माध्यमाची आहे. मॅडम मराठी माध्यमातल्या. त्यांची सगळी साधने मराठी. खरखरीत कागदाची अक्षरेही क, ख, ग. मुलगा उर्दू शाळेतला. त्याला मराठी नीट वाचता येत नाही याचा अर्थ वाचनाची अक्षमता आहे की केवळ ती त्याची घरची भाषा नाही, हे कसे ठरवणार? हा प्रश्न त्यांनी स्वतःच काढला. आणि एक दिवस मला म्हणाल्या, "सर, मला अलिफ-बे शिकवा."

मी मधल्या सुट्टीत त्यांना शिकवू लागलो. तोपर्यंत मी माझ्या लिपीकडे परक्याच्या नजरेने कधी पाहिले नव्हते. बे, पे, ते, टे, से, ही पाचही अक्षरे एकाच होडीवर बसलेली. फरक कशाचा? खाली एक नुक्ता की तीन, वर दोन की तीन, की वर बारीकशी खूण. जीम, चे, हे, खे यांचेही तेच. बरे, शब्दात जोडले की होडीही उरत नाही, नुसता एक दात उरतो. 'स'च्या उच्चाराला तीन अक्षरे, 'ज़'ला चार. ज़ेर, ज़बर, पेश छापलेले नसतात, त्यामुळे अलिफ आणि सीन लिहिले तर ते 'इस' आहे की 'उस' हे पुढचे वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणजे ज्याला वाचता येते त्यालाच वाचता येते! शब्द उजवीकडून डावीकडे, पण त्याच ओळीतला आकडा डावीकडून उजवीकडे. त्यात मराठी आणि इंग्रजी, दोन लिप्या उलट दिशेने चालणाऱ्या. आपली लिपी सुंदर आहे, माझे तिच्यावर प्रेम आहे, पण ज्याच्या डोळ्यांना ठिपक्यांची जागा धरता येत नाही त्याच्यावर ती काय ओढवते याचा विचार मी केला नव्हता.

मॅडम चुकू लागल्या. नुक्ता विसरत, वरचा खाली देत, जोडाक्षरात दात कमी करत. आणि मी थांबलो. या चुका मी ओळखत होतो. शेवटच्या बाकावरच्या वहीत हुबेहूब याच चुका मी दोन वर्षे लाल शाईने खोडत होतो आणि समासात 'बेपरवाई' लिहीत होतो. पदवीधर, समजदार बाईकडून झाली की ती अडचण, आणि मुलाकडून झाली की बेपरवाई?

त्यानंतर आम्ही उर्दूची खरखरीत अक्षरे कापली. नुक्त्यांसाठी मसूर चिकटवली. तो त्यावरून बोट फिरवी आणि तोंडाने अक्षर म्हणे. वर्गात मी त्याला तोंडी प्रश्न विचारू लागलो. तेव्हा कळले की भूगोल त्याला येतो. पाऊस कसा पडतो हे त्याने मला वर्गातल्या निम्म्या मुलांपेक्षा नीट सांगितले. ते तो इतकी वर्षे ऐकत होता.

याच दिवसांत आमच्या व्यवस्थापन समितीतले एक बुजुर्ग शाळेत आले. मॅडमना मुलाबरोबर बसलेले पाहून त्यांना भरून आले. म्हणाले, "बहुत सवाब का काम कर रही हैं आप." मॅडमना उर्दू येऊ लागले होते. त्या म्हणाल्या, "चाचा, सवाब तुम्हाला राहू द्या. माझं तीन महिन्यांचं मानधन आलं तर बरं होईल."

चाचांना ते आवडले नाही. मलाही क्षणभर उद्धट वाटले. नंतर विचार केला तेव्हा पटले. सवाबाला माझा विरोध नाही. पण गणिताच्या शिक्षकाला आपण कधी म्हणतो का, की भागाकार शिकवून फार सवाब कमावताय? त्याला पगार देतो आणि भागाकार आला नाही तर जाब विचारतो. या कामाला सवाब म्हटले की ते ऐच्छिक होते. केले तर पुण्य, नाही केले तर गुन्हा नाही. करणाऱ्याला पगार उशिरा दिला तरी चालतो, आणि ज्याच्यासाठी केले त्याला विचारायचा अधिकार उरत नाही, कारण दान घेणारा प्रश्न विचारत नसतो. त्याची आई मला दुआ द्यायची ती याच हिशेबाने. तिने मला विचारायला हवे होते की सर, सहा वर्षे झाली, माझ्या मुलाला वाचता का येत नाही? ती विचारत नव्हती. ती म्हणायची, "सर, इत्ता कर दो के साइन करने लग जाए. अंगूठा ना लगाना पड़े." तिने मागणेच इतके लहान केले होते, आणि ते लहान होण्यात माझ्या पस्तीस गुणांचा हात होता.

हेलन केलरची गोष्ट आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते. हातपंपाखाली धरलेला हात, तळव्यावर लिहिलेला 'पाणी' हा शब्द. तो दिवस ५ एप्रिल १८८७. पण ॲन सुलिव्हन त्या घरी ३ मार्चला आली होती, तेव्हा तिचे वय वीस होते, आणि मधल्या महिन्यात काय झाले ते मला पंपापेक्षा मोठे वाटते. सहा वर्षांची हेलन जेवताना सगळ्यांच्या ताटांत हात घालीत फिरे आणि बिचारी म्हणून कुणी अडवत नसे. ॲनने अडवले. चमच्याने जेवायला लावले. त्यावरून घरात रडारड झाली, तेव्हा तिने आईवडिलांची परवानगी घेऊन मुलीला जवळच्याच एका लहान घरात वेगळे नेले आणि सुमारे दोन आठवडे तिथे ठेवले. आईवडिलांच्या मायेपासून दूर! हे ऐकायला क्रूर वाटते. त्या बाईने त्या मुलीकडून काही अपेक्षा केली, एवढेच तिने केले. अपेक्षा करणे हा आदर आहे, असे मी त्यावरून समजलो.

समजलो आणि लगेच चुकलो. मॅडमचे ऐकून, किंवा ऐकले असे समजून, मी त्याची सगळी वरकामे बंद केली. माठ नाही, खडू नाही, घंटा नाही. आता तू शिकायला येतोस, नोकर नाहीस. मला स्वतःचे कौतुक वाटले. दोन दिवस तो गप्प बसला, तिसऱ्या दिवशी आलाच नाही. आई घेऊन आली तेव्हा कळले की रडतो आहे. "बोलता है, सर ने घंटी छीन ली." त्या शाळेत त्याच्या वाट्याला आलेला मान म्हणजे तो रुळाचा तुकडा होता. घंटा झाली की साडेचारशे मुले त्याच्यामुळे उठत होती. ते मी काढून घेतले आणि त्या जागी काय दिले? मसुरीच्या डाळीचे नुक्ते.

मॅडम माझ्यावर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "घंटा परत द्या. पण शिपाई सांगतो म्हणून वाजवायची नाही. घड्याळ बघून, वेळापत्रक वाचून वाजवायची." तासिकांची नावे, किती वाजून किती मिनिटे, हे सगळे तक्त्यावर उर्दूत लिहिले. ते त्याचे पाठ्यपुस्तक झाले. एकदा त्याने मधली सुट्टी दहा मिनिटे आधी केली. मुख्याध्यापक चिडले. मी सांगितले की जबाबदारी माझी. त्याने आठ आणि दहा यांत गल्लत केली होती की काटा चुकीचा वाचला होता, हे शोधायला मला दोन दिवस लागले. पूर्वी मी शोधलेच नसते.

इथपर्यंत वाचून माझे काम सुरळीत झाले असे कुणाला वाटेल. वर्गात अठ्ठेचाळीस मुले आहेत. तास पस्तीस मिनिटांचा. त्यातली पाच मिनिटे मी त्याच्या बाकापाशी थांबतो तेव्हा ती कुणाच्या खिशातून जातात? एक तोडगा मी काढला होता. वर्गातली सर्वांत हुशार मुलगी त्याच्या शेजारी बसवली, तिने त्याला धडा वाचून दाखवायचा. मुलगी आनंदाने करत होती. एका महिन्याने तिची आई आली आणि शांतपणे म्हणाली, "सर, मेरी बेटी पढ़ने आती है, पढ़ाने नहीं आती."

मला राग आला. माणुसकी शिकते आहे मुलगी, असे काहीबाही मी बोललो. पण ती बाई स्वतः चौथीत शाळा सोडून कांडी भरायला बसलेली होती आणि मुलीचे एक मिनिटही वाया जाऊ द्यायला तयार नव्हती. ती चूक आहे असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? सरकारने दहा-पंधरा मुलांमागे एक शिक्षक द्यायचा, तो दिला नाही, मी माझी पद्धत बदलायची, ती अर्धीच बदलली, आणि उरलेला बोजा बारा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ठेवला, कारण ती नाही म्हणणार नव्हती. मुली नाही म्हणत नाहीत हे आपण घरात शिकलेले असतो. मी तिला उठवून पहिल्या बाकावर परत बसवले. त्याच्या शेजारी आता आठवड्याला वेगवेगळी मुले बसतात, वाचून दाखवण्याचे काम वाटून घेतात. याने न्याय झाला का? ती पाच मिनिटे आता अठ्ठेचाळीस खिशांतून थोडी थोडी जातात, इतकेच मला सांगता येते. काही बाबतींत माझे मन अजून दोन्ही बाजूंना ओढले जाते.

वर्गशिक्षक म्हणून मी या तुकडीबरोबरच पुढे सरकलो. मुलगा आता आठवीत आहे. दुकानांच्या पाट्या वाचतो, छोटे वाक्य अडखळत वाचतो, सही करतो. उर्दू, मराठी दोन्ही सह्या करतो आणि विनाकारण करतो. वडिलांचा विचार आहे की आठवी झाली की मागावर घालावे. मी त्यांना दोनदा भेटलो, तिसऱ्यांदा जाणार आहे. दोन्ही वेळा ते रातपाळीवरून आलेले होते. त्यांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "सर, पढ़ के भी तो यहीं आना है." मला ठोस उत्तर देता आले नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मॅडम आल्या नाहीत. त्यांचा करार संपला होता, नवा झाला की नाही ते कळले नाही. त्यांच्या जागी अजून कुणी आलेले नाही. उर्दूची खरखरीत अक्षरे त्या माझ्या कपाटात ठेवून गेल्या आहेत.

गेल्या मंगळवारी इतिहासाचा तास चालू होता. नेहमीच्या वेळेला तो उठला आणि दप्तर घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसला. मी दारात जाऊन म्हटले, "बेटा, मैडम नहीं आएँगी."

"मालूम है," तो म्हणाला. "आप आओ."

आत अर्धा धडा राहिला होता. मी वर्गाला पुढचा उतारा मनात वाचायला सांगितले, कपाटातून अक्षरे काढली आणि बाहेर गेलो. पंधरा मिनिटे मिळाली. मग आतून गोंगाट सुरू झाला.